गाडी दोन सेंटिमीटरने खाली बसवताना

रस्त्यावरच्या काही मोटारी इतरांपेक्षा जमिनीला अधिक टेकलेल्या दिसतात. टायर आणि त्यावरची पत्र्याची कमान यांत जेमतेम बोटभर फट असते. या गाड्या कारखान्यातून अशा आलेल्या नसतात. मालकाने त्या मुद्दाम खाली बसवून घेतलेल्या असतात. मोठ्या वर्गांतल्या मुलांना या गाड्यांचे फार आकर्षण असते आणि ‘स्प्रिंगचा एक वेढा कापला की काम झाले’ हा सल्लाही त्यांच्या कानावर आलेला असतो. हा सल्ला पारखून घ्यायला लागणारे भौतिकशास्त्र त्यांच्या पाठ्यपुस्तकातच आहे : हूकचा नियम, स्प्रिंगची दोलने आणि स्थितिज ऊर्जा. तेव्हा रोज वापरायची गाडी खाली बसवताना नेमके काय मिळते, काय गमवावे लागते आणि गमावणे कमी कसे करता येते, याचा हिशेब आपण मांडून पाहू.

स्प्रिंग आणि दोलक

ताण जितका, तितकी वाढ, हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. दाबाच्या बाबतीतही तो तसाच लागू पडतो. हिशेबासाठी आपण एक छोटी गाडी कल्पू. चाके वगैरे स्प्रिंगखालचे भाग सोडून तिचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला २५० किलोग्रॅम. प्रत्येक स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला १५० न्यूटन बल लागते असे समजू. २५० किलोग्रॅमचे वजन सुमारे २४५० न्यूटन. भागाकार केला की कळते, गाडी नुसती उभी असतानाच तिची स्प्रिंग सुमारे १६.३ सेंटिमीटर दबलेली आहे. या अंतराला आपण ‘स्थिर आकुंचन’ म्हणू.

हे एक अंतर कळले की गाडी किती जलद वरखाली डोलेल, तेही कळते. स्प्रिंगच्या दोलनकालाच्या सूत्रात स्थिर आकुंचन घालून पाहावे. वस्तुमान आणि स्प्रिंगची ताठरता दोन्ही सूत्रातून निघून जातात आणि उरते ते साध्या दोलकाचे सूत्र. स्थिर आकुंचनाएवढ्या लांबीचा दोलक ज्या गतीने झुलतो, त्याच गतीने गाडी डोलते! आकडेमोडीसाठी सोपा नियम असा : सेंटिमीटरमधील आकुंचनाच्या वर्गमुळाने ५ ला भागावे, म्हणजे दर सेकंदाची दोलने मिळतात. आकुंचन २५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला १ दोलन, १६ असेल तर सव्वा, ९ असेल तर १.६७ आणि ४ असेल तर अडीच.

रोजच्या वापरातल्या गाड्यांची ही वारंवारता सर्वसाधारणपणे १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असते. त्याला कारण आहे. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची ४ ते ८ हर्ट्झची कंपने सर्वांत जास्त जाणवतात. गाडीची स्वतःची वारंवारता जितकी कमी, तितकी ही कंपने रस्त्यावरून आसनापर्यंत कमी पोहोचतात. मात्र ती अर्ध्या हर्ट्झच्याही खाली गेली, तर बोट लागावी तसे मळमळू लागते. म्हणून स्प्रिंग मऊ हवी, पण फार मऊ नको.

तेच दोन सेंटिमीटर, दोन ठिकाणी

आता ही गाडी २ सेंटिमीटरने खाली आणू. फायदा काय? वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. आपल्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर तो २ सेंटिमीटरने खाली आल्यावर ही देवाणघेवाण ३.६ टक्क्यांनी कमी होते. फायदा खरा आहे, पण लहान आहे.

तोटा मोजायला दुसरीकडे पाहावे लागते. खड्ड्याच्या कडेवर चाक वर उचलले जाते तेव्हा स्प्रिंग आणखी दबते. ती किती दबू शकेल, याला मर्यादा आहे. शेवटी एक रबरी ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. उभ्या गाडीत या ठोकळ्यापर्यंत ७ सेंटिमीटर मोकळी चाल आहे असे धरू. गाडी २ सेंटिमीटरने खाली आली की चाल ५ सेंटिमीटर उरली. म्हणजे ५५ मधले २ गेले तर पावणेचार टक्के, पण ७ मधले तेच २ गेले तर जवळपास २९ टक्के!

नुकसान एवढ्यावरही थांबत नाही. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा चालीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७ चा वर्ग ४९, ५ चा वर्ग २५. म्हणजे स्प्रिंग तेवढीच ताठ ठेवली, तर ठोकळ्यावर आदळण्यापूर्वी ती पूर्वीच्या निम्मीच ऊर्जा पेलू शकते. सुमारे ३७ ज्यूलऐवजी १९. ती भरून काढायची तर स्प्रिंग जवळजवळ दुप्पट ताठ करावी लागेल. मग स्थिर आकुंचन सुमारे ८.३ सेंटिमीटर आणि वारंवारता १.७३ हर्ट्झ. ही वारंवारता मोकळ्या गुळगुळीत रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीला शोभेल. रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या कमरेला नाही. चाल आणि मऊपणा यांची सांगड अशी आहे. खाली बसवलेली गाडी दणके देते ती बहुधा केवळ स्प्रिंग ताठ म्हणून नव्हे, तर चाल संपल्यामुळे.

रोजच्या गाडीत आणखी एक भर पडते. मागे माणसे बसली, सामान ठेवले आणि मागच्या प्रत्येक चाकावर ६० किलोग्रॅम वाढले, तर आपली मूळ स्प्रिंग आणखी ३.९ सेंटिमीटर दबेल. मूळ गाडीत त्यानंतरही ३.१ सेंटिमीटर चाल शिल्लक राहते. खाली बसवलेल्या गाडीत तेवढ्याच ताठ स्प्रिंगवर उरते १.१ सेंटिमीटर.

एक वेढा कापला तर

आता त्या प्रसिद्ध सल्ल्याकडे वळू. स्प्रिंगची ताठरता वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. आपल्या स्प्रिंगला ६ वेढे आणि मोकळी लांबी ३६ सेंटिमीटर असेल, तर एक वेढा कापल्यावर ताठरता एक-पंचमांशाने वाढते आणि गाडी ३.३ सेंटिमीटर खाली येते. चाल उरते ३.७ सेंटिमीटर. साठवता येणारी ऊर्जा १२ ज्यूल, म्हणजे पूर्वीच्या एक-तृतीयांश. ताठरता थोडी वाढली, पण पेलण्याची शक्ती मात्र फार घटली.

दोन वेढे कापले तर गाडी ६.६ सेंटिमीटर खाली येऊन जवळपास ठोकळ्यावरच बसते. शिवाय नवाच धोका उभा राहतो. चाक हवेत लटकते, तेव्हा ते मूळ जागेपासून ८ सेंटिमीटर खाली जाऊ शकते असे समजा. गाडी खाली आल्यामुळे हे अंतर आता १४.६ झाले. पण कापलेल्या स्प्रिंगचे स्थिर आकुंचन १०.९ सेंटिमीटरच आहे. म्हणजे चाक पूर्ण लटकल्यावर स्प्रिंग ३.७ सेंटिमीटर सैल होते. ती बैठकीतून सरकू शकते आणि चाक पुन्हा वर येताना वाकडी बसू शकते. हे चालत्या गाडीत घडले तर परिणाम सांगायला नको.

गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून खाली बसवण्याची रीत तर याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला विशिष्ट तापमानाला नेऊन, थंड करून, पुन्हा तापवून लवचिकपणा आणलेला असतो. ज्योतीने तो तेवढ्याच भागात नाहीसा होतो आणि स्प्रिंग पुढे खचते किंवा तुटते.

मग मार्ग कोणता?

पहिला मार्ग म्हणजे हाव आवरणे. २ सेंटिमीटरच्या आसपास थांबावे आणि त्यासाठीच बनवलेली आखूड, किंचित ताठ स्प्रिंग घ्यावी. आपल्या गाडीत सेंटिमीटरला १५० ऐवजी १९० न्यूटन घेतले, तर वारंवारता १.३९ हर्ट्झ होते, नेहमीच्या मर्यादेतच. ५ सेंटिमीटर चालीत सुमारे २४ ज्यूल साठतात. मूळ ३७ पैकी उरलेले १३ रबरी ठोकळ्याने आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरने पेलायचे. म्हणून ठोकळा असा हवा की जो एकदम न अडवता हळूहळू घट्ट होत जाईल. चाल वाढावी म्हणून ठोकळाच कापून टाकणे म्हणजे लोखंडावर लोखंड आपटू देणे.

दुसरा मार्ग शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा. नाव काही असले तरी धक्का पेलते ती स्प्रिंग. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेलाच्या घर्षणाने डोलण्यातल्या गतिज ऊर्जेची उष्णता करतो आणि डोलणे थांबवतो. लागणारे अवमंदन ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. आपल्या नव्या स्प्रिंगला सुमारे १२ टक्के जास्त. जुना, झिजलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसाच ठेवला तर नवी स्प्रिंगही गाडीला नाचवील.

तिसरे, पुढची आणि मागची स्प्रिंग ही जोडी आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना मॉरिस ओली या अभियंत्याने वजने सरकवता येतील अशा गाडीवर प्रयोग केले. पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा थोडी मऊ असेल तर गाडी सपाट राहते, असे त्याला आढळले. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो. उशिरा सुरू झालेले मागचे डोलणे जलद असल्याने ते पुढच्याला गाठते. केवळ पुढच्या स्प्रिंगा ताठ केल्या तर हा ताल बिघडतो आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे झुलते.

शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन पुन्हा तपासावा. त्याच वेळी पातळ कडांचे टायर बसवू नयेत. टायरमधली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

गतिरोधकाची भूमिती

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्याचा माथा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असतो. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी या कंसावर उभी राहिली, तर मध्यभागी कंस चाकांच्या पातळीपेक्षा किती वर येईल? जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट : उत्तर सुमारे ४.२ सेंटिमीटर. म्हणजे मानकानुसार बांधलेला गतिरोधक खाली बसवलेल्या गाडीलाही सहज पार करता येतो. पण गल्लीत कुणीतरी घातलेला अरुंद, उभा उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये येतो आणि त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली उभी राहते.

वर्गात करून पाहण्यासाठी

२५, १६ आणि ९ सेंटिमीटर लांबीचे तीन दोलक एका दांडीला टांगून प्रत्येकाची २० दोलने मोजावीत. मग शाळेसमोर उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचा कोपरा, मालकाच्या परवानगीने, तालात दाबून तिला डोलवावे आणि कोणता दोलक तिच्या तालाशी जुळतो ते पाहावे. त्या दोलकाची लांबी म्हणजेच गाडीच्या स्थिर आकुंचनाचा अंदाज. हात काढल्यावर गाडी एखाद्या हेलकाव्यात शांत झाली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठीक आहेत; डोलतच राहिली तर मालकाला ते जरूर सांगावे. आणि वेढा कापायला निघालेल्या विद्यार्थ्याला ७ आणि ५ यांचे वर्ग फळ्यावर मांडायला लावावेत.