एकट्याच्या कुंपणाने साथ थांबत नाही

‘आफ्रिकन स्वाइन फिव्हर’ हा वराहांचा विषाणूजन्य रोग माणसाला होत नाही. मात्र त्याच्या तीव्र स्वरूपात बाधित कळपातील बहुतेक जनावरे दगावतात. त्यावर औषध नाही. भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात तो प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये केरळातील वायनाडपर्यंत पोहोचला. त्यामुळे गोव्यातील वराहपालकांनाही या संकटाकडे दूरचे म्हणून पाहता येणार नाही.

हा विषाणू आजारी जनावराच्या संपर्कातून पसरतो, तसाच कच्च्या मांसातून, न उकळलेल्या खरकट्यातून, वाहनांच्या चाकांवरून आणि पादत्राणांवरूनही प्रवास करतो. म्हणूनच एकाने आपले वराहगृह कितीही स्वच्छ राखले, तरी शेजाऱ्याने आजारी जनावर घाईने विकून टाकले की त्याचे सारे श्रम वाया जातात.

स्पेनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९६० मध्ये शिरलेला हा रोग अनेक वर्षे हटला नाही. १९८५ मध्ये मात्र समन्वित मोहीम सुरू झाली. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांनी कळपांची रक्ततपासणी केली, बाधित जनावरे नष्ट करून मालकांना भरपाई दिली गेली, वाहतुकीवर नियंत्रण आले आणि वराहपालकांचे स्थानिक आरोग्य-संरक्षण गट उभे राहिले. परिणामी १९९५ मध्ये देश रोगमुक्त घोषित झाला. पुढे २०२५ च्या अखेरीस बार्सिलोनाजवळ रानडुकरांत हा रोग पुन्हा आढळला. मिळवलेले यशही अखंड जागरूकतेविना टिकत नाही, हे त्यावरून दिसते.

भारताच्या कृती आराखड्यात रोगस्थळाभोवती एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरचे देखरेख क्षेत्र आखण्याची तरतूद आहे. सीमेलगतच्या गावाभोवती असे वर्तुळ आखले, तर ते सहज शेजारच्या राज्यात जाते. विषाणूला राज्याची सीमा ठाऊक नसते. म्हणून गोवा, कर्नाटक व महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्यांनी माहितीची देवाणघेवाण आणि वाहतूक नियंत्रण एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.

या साऱ्याचा पाया विश्वासाचा आहे. दोन-चार जनावरांवर संसार चालवणारा पालक रोगाची खबर देईल, ती भरपाई वेळेवर मिळण्याची खात्री असेल तरच. ती खात्री नसेल, तर रोग लपवला जाईल आणि लपलेला रोग साऱ्या परिसराला महाग पडेल.