घरातला परदेशी

माझा आतेभाऊ १९९९ साली नोकरीसाठी मस्कतला निघाला, तेव्हा आत्याच्या डोळ्यांना पाणी आले नाही. शेजारणी समजूत घालायला आल्या, तर उलट तिनेच त्यांची समजूत घातली. "लांब कुठे जातोय? विमानात बसला की अडीच-तीन तासांत मुंबई. दिवाळीच्या गर्दीत मुलुंडहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो!"

हा हिशेब आमच्या घराण्यात इतका पक्का बसला, की पुढे वीस वर्षे दादा परदेशी आहे असे कुणाला वाटलेच नाही. आत्याचे यजमान गेले, तेव्हा रात्री फोन झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दादा मुलुंड पूर्वेच्या नवघर रस्त्यावर रिक्षातून उतरला. आज परदेशी जाणारा प्रत्येक मराठी मुलगा मनाशी हाच हिशेब करून निघतो. वेळ आली तर उद्या घरी, या भरवशावर त्याचे आईबाप त्याला निरोप देतात. हा भरवसा म्हणजे नेमके काय होते, ते आम्हाला २०२० साली कळले.

त्या वर्षी १९ मार्चला दादा आठ दिवसांच्या रजेवर आला. आत्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २३ तारखेला ठरली होती. विमानतळावर त्याच्या डाव्या हाताच्या पंजावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यात आला. चौदा दिवस घराबाहेर पडायचे नाही, असा त्याचा अर्थ. मतदानाच्या दिवशी आपण शाई लागलेले बोट मोठ्या अभिमानाने दाखवतो. ही शाई मात्र खिशात लपवावी लागे. दादा रिक्षाचे पैसे उजव्या हाताने देत होता आणि डावा हात त्याने सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतला होता, हे मी वरून पाहिले.

वरून पाहिले, हे शब्द मी मुद्दाम लिहीत आहे. दरवेळी दादाची बॅग उचलायला मी खाली धावत असे, त्या दिवशी गेलो नाही. दादाने नेहमीप्रमाणे माझ्यासाठी ओमानी हलव्याचा डबा आणला होता. तो त्याने जिन्याच्या पायरीवर ठेवला, दोन मजले वर जाऊन हाक मारली आणि मग मी तो घेतला. घेतला म्हणजे काय, तर फडक्यात धरून बाहेरच्या खिडकीत नेऊन ठेवला आणि पंधरा दिवस त्याला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत इमारतीच्या फळ्यावर 'तिसऱ्या मजल्यावर परदेशातून व्यक्ती आली आहे, सदस्यांनी काळजी घ्यावी' अशी सूचना लागली. त्या मजल्यावर दादा लहानाचा मोठा झाला. पण त्या दिवसापासून तो 'व्यक्ती' झाला. फळा लिहिणाऱ्याला मी नावे कशी ठेवू? माझा डबा खिडकीतच होता ना!

त्याच्या आदल्याच दिवशी, १८ मार्चला, हातावर असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना सुरतेकडे जाणाऱ्या गरीब रथ गाडीतून पालघरला उतरवण्यात आले होते. ते जर्मनीहून आले होते. शिक्के दिसताच डब्यातली माणसे घाबरली. हे सारे नवे वाटत होते, पण ते तसे नव्हते. मार्च २०२० मध्ये शासनाने जो साथरोग कायदा पुढे केला, तो १८९७ सालचा. तो जन्माला आला तोच मुळी मुंबईच्या प्लेगमुळे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला आणि चार-पाच महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतून पावणेचार लाखांच्या आसपास माणसे निघून गेली. आगगाड्या भरभरून जात होत्या. त्यांच्यामागोमाग ४ फेब्रुवारी १८९७ला कायदा आला. आगगाडीने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी आणि संशयितांना वेगळे ठेवावे, हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या कलमांत आहे. स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून रांगेत उभे करीत आणि काखा-जांघांत गाठी आहेत का ते पाहत. बायकांनाही त्यातून सुटका नव्हती. त्या संतापातून पुण्यात पुढे काय घडले, ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. साथीत रोगाच्या आधी प्रवाशावर बोट रोखले जाते, ही रीत सव्वाशे वर्षांची आहे.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे मला शब्दांचा नाद आहे. 'परदेशी' हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यात घोळू लागला. परमुलखातला, हा त्याचा पहिला अर्थ. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या कष्टकऱ्यालाही आपल्याकडची जुनी माणसे परदेशीच म्हणत, हा दुसरा. आणि तिसरा अर्थ खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडचा. आई गेलेल्या मुलाबद्दल त्या म्हणतात, "पोर परदेशी झालं गं!" ज्याला कुणी नाही तो परदेशी. पहिला अर्थ तिसऱ्या मजल्यावर येऊन बसला होता. उरलेले दोन यायचे होते.

२२ मार्चपासून परदेशी विमानांना देशात उतरण्याची बंदी झाली. त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद पडल्या आणि २५ तारखेपासून सारा देशच घरात बसला. आत्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. २९ मार्चपासून मस्कतनेही आपली विमाने थांबवली. दादाची आठ दिवसांची रजा साडेसहा महिन्यांची झाली.

चौदा दिवस संपल्यावर आम्ही संध्याकाळी आपापल्या गॅलरीत उभे राहून बोलू लागलो. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. मान वर करून बोलता बोलता माझी मान दुखू लागे. दादाच्या नजरेला ज्या गोष्टी पडत, त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. "वीस वर्षांत मुलुंड मी पंधरा पंधरा दिवसांच्या तुकड्यांत पाहिलं," तो म्हणे, "आणि तेसुद्धा सणांचे दिवस. सणावेगळं मुलुंड मला ठाऊकच नाही." १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी आमच्या मुलुंडवरूनच गेली. तेव्हापासून या गावाचे घड्याळ म्हणजे गाडी. पाचची गाडी गेली की दूधवाला, सातची गेली की डबे, रात्रीची शेवटची गेली की झोप. ते घड्याळ थांबले. दादाला पहाटे जाग येई ती या शांततेनेच. आत्या तर म्हणाली, "मेला आवाज नाही तर दूध किती वाजता उतू जातं तेच कळत नाही."

आत्याच्या डोळ्यांवरचा पडदा तसाच राहिला. वर्तमानपत्र घरी येईना, म्हणून दादा मोबाइलवर बातम्या वाचून दाखवी. तांदूळ निवडून देई, सुईत दोरा ओवून देई. आत्या तीन डब्यांतून एकाच भाजीची चव बदलून कशी काढते, औषधाच्या गोळ्या रंगावरून नव्हे तर बोटांनी चाचपून कशी ओळखते, जिन्यात कुणाची पावले वाजली ते न पाहता कसे सांगते, हे त्याला प्रथमच कळले. एकदा तो मला म्हणाला, "ही दोन वर्षं नीट पाहू शकत नव्हती. मी दर शुक्रवारी फोन करत होतो आणि दर शुक्रवारी ही मला सांगत होती, सगळं छान आहे." शुक्रवार हा मस्कतचा सुटीचा दिवस. वीस वर्षे आमची आत्या शुक्रवारची वाट पाहत होती. त्या मुलुखाच्या सुटीने या घराचा वार ठरत होता.

मे महिन्यात दुसरा परदेशी आला. मुलुंड पूर्वेच्या कडेने पूर्व द्रुतगती मार्ग जातो. त्यावरून ठाणे, भिवंडी आणि पुढे नाशिकच्या दिशेने माणसांच्या रांगा चालू लागल्या. डोक्यावर गाठोडी, कडेवर मुले, सायकलींना बांधलेले संसार. ज्यांनी आमच्या इमारती रंगवल्या, भाजी दारात आणून दिली, ती माणसे हजार-पंधराशे किलोमीटर पायी निघाली होती. इमारतीतले आम्ही काहीजण पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन रस्त्यावर गेलो. दादाही आला. एका मुलाने केळे घेताना विचारले, "आप भी बाहर से हैं क्या?" दादाच्या हिंदीला आखाती वळण पडले आहे, त्यावरून त्याला तसे वाटले असावे. दादा "हाँ" म्हणाला. परतताना बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आम्हाला न्यायला सरकारने ७ मेपासून विमानं सोडली. ती सोडली पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोटासाठी घर सोडलं ते यांनीही आणि मीही. मला अनिवासी म्हणतात, बँकेत खुर्ची देतात. यांना कुणी चालताना थांबवून बस म्हटलं नाही."

एका संध्याकाळी त्याने मला विचारले, "साथीत परदेशी माणूस नुसता रोगच आणतो का रे? तुमच्या इतिहासात कुणी औषध आणलेलं नाही?" मी त्याला हाफकिनची गोष्ट सांगितली. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून १८९३ साली कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आला. १८९६च्या ऑक्टोबरात सरकारने त्याला प्लेगसाठी मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला तोकडी जागा आणि जुजबी मदत मिळाली. तीन महिन्यांत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप भरला, वेदना झाल्या, पण तो बचावला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला. पण तो इंग्रजांना इंग्रज वाटत नव्हता आणि आपल्या लोकांना आपला वाटत नव्हता. १९०२ साली पंजाबातल्या एका गावात लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा ठपका त्याच्यावर आला. पाच वर्षांनी तो निर्दोष ठरला. परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्याचे काम वाढले, तिला १९२५ साली त्याचे नाव मिळाले. आजही आपण 'हाफकिन' म्हणतो ते एखाद्या मराठी आडनावासारखे.

दादा म्हणाला, "म्हणजे नाव द्यायला अठ्ठावीस वर्षं लागली. मग माझ्यासाठी फळा पुसायला महिना लागला, तो काही जास्त नाही!" त्या दिवशी आम्ही दोघे पुष्कळ दिवसांनी हसलो.

तिसरा अर्थ जूनमध्ये आला. मस्कतला रुवी भागातल्या घरात वहिनी आणि त्यांची मुलगी अशा दोघीच होत्या. वहिनींना ताप आला आणि तपासणीत कोरोना निघाला. त्या एका खोलीत आणि बारा वर्षांची मुलगी दुसऱ्या खोलीत. ती दाराबाहेर ताट ठेवी, दार वाजवी आणि मागे सरे. दादा इथून फोनवर तिला भात कसा लावायचा ते सांगे. अडीच-तीन तासांचे अंतर होते, पण जायला विमान नव्हते आणि परवानगीही नव्हती. वीस वर्षांचा तो हिशेब आता उलटा फिरला होता. रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर वर गॅलरीत मोबाइलचा उजेड दिसे. मस्कतला तेव्हा बारा वाजलेले असत.

पाचव्या की सहाव्या रात्री मी वर गेलो. दादा खिडकीशी बसला होता आणि आत्या त्याच्या पाठीवर हात ठेवून बाजूला. ती म्हणत होती, "पहिला आठवडा जड जातो रे. मग सवय होते. फोन वाजण्याआधीच कळायला लागतं, आज आवाज बरा असणार की नाही ते." दादाने मान वर करून आईकडे पाहिले. ज्या खुर्चीवर तो बसला होता, ती आत्याची रोजची खुर्ची. वाट पाहणाऱ्याची ती जागा वीस वर्षांत त्याने कधी पाहिली नव्हती. आता तो स्वतःच तिच्यात बसला होता आणि तिच्याकडून वाट पाहण्याचा धडा घेत होता.

वहिनी बऱ्या झाल्या. गणपती आले ते २२ ऑगस्टला, घरातली मूर्ती दोन फुटांच्या आत ठेवून. आमच्या वरच्या मजल्यावरचे कोकणातले काका दरवर्षीप्रमाणे गावी निघाले, तर तिथे त्यांना दहा दिवस वेगळे राहावे लागणार होते. "आयुष्यभर मनीऑर्डर पाठवली त्या गावात मी परका!" असे म्हणून ते चिडले. दादाने त्यांना शांतपणे सांगितले, "काका, शाई दोन-तीन आठवड्यांत जाते." सप्टेंबरमध्ये आत्याचा डोळा झाला. पट्टी काढल्यावर तिने दादाकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, तुझे केस किती पांढरे झाले! आणि मला कुणी सांगितलं नाही."

ऑक्टोबरात मस्कतची विमाने सुरू झाली आणि दादा गेला. लोकल तेव्हा सर्वांना खुली नव्हती, ती झाली १ फेब्रुवारी २०२१ला, तीही ठरावीक वेळांपुरती. म्हणून टॅक्सी केली आणि या खेपेस बॅग मीच खाली आणली. आत्या गॅलरीत उभी होती. यापूर्वी दादा निघाला की हात हलवून गाडीत बसत असे. त्या दिवशी तो पुन्हा तीन मजले चढून गेला, आईच्या पाया पडला आणि मग खाली आला.

आता विमाने पूर्वीसारखी उडतात, अडीच-तीन तास पुन्हा अडीच-तीन तासच आहेत आणि त्या हिशेबावर पुष्कळ घरांतली मुले नव्याने परदेशी निघाली आहेत. आत्याच्या घरी मात्र शुक्रवार राहिला नाही. दादाचा फोन रोज सात वाजता येतो. बोलणे फार नसते. भाजी काय केली, गोळी घेतली का, जिन्यात कोण भेटले, एवढेच. "सगळं छान आहे" असे आत्या म्हणाली की तो म्हणतो, "ते नको सांगूस, दुसरं काहीतरी सांग."

हलव्याचा तो डबा माझ्याकडे अजून आहे. हलवा आम्ही पंधरा दिवसांनी खाल्ला, तो चांगलाच होता. डबा धुऊन सौभाग्यवतीने त्यात जिरे भरले आहे. दर दिवाळीला तो घासताना ती म्हणते, "मोडीत टाकू या का आता?" मी नको म्हणतो.