३० सप्टेंबरचा पट

दरवर्षी ३० सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांचा पट मोजला जातो. त्या दिवशी जितकी नावं नोंदलेली असतील, त्यावरून शाळेत किती शिक्षक राहणार, कोण ‘अतिरिक्त’ ठरणार आणि कुणाची रवानगी कुठे होणार, हे ठरतं. याला संचमान्यता म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात वाशी, भूम, कळंबच्या बालाघाटाकडच्या गावांत ही तारीख मोठ्या अडचणीच्या वेळी येते. वर्ग भरलेले असतात, पण घरोघरी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मागे आजी-आजोबा असतील तर मूल गावात राहतं, नसतील तर तेही कोयत्यामागे फडावर जातं. पटावर नाव कायम, बाकावर जागा रिकामी.

याच तालुक्यांतली दुसरी काही कुटुंबं पुण्याला जातात आणि परत येत नाहीत. वाघोली, भोसरी, चाकण या पट्ट्यात मराठवाड्यातली माणसं किती आहेत, हे दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याहून सुटणाऱ्या एसटीत कळतं. त्यांची मुलं गावच्या पटावरून कमी होतात. पण नव्या ठिकाणी त्यांच्यासाठी वर्ग, बाक आणि शिक्षक कुणी राखून ठेवलेले नसतात. शाळांचा प्रश्न आपण दोन वेगळ्या बातम्यांत वाचतो, एक ‘कमी पटाची शाळा बंद होणार’ आणि दुसरी ‘प्रवेशासाठी रांगा’. माझ्या मते ही एकच बातमी आहे. आपली व्यवस्था पटावर आलेलं मूल मोजते, येणारं मूल मोजत नाही.

रिकामं होणारं टोक

२००१ मध्ये धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १४,८६,५८६ होती, २०११ मध्ये १६,५७,५७६. दहा वर्षांतली वाढ साडेअकरा टक्के, तर राज्याची जवळपास सोळा. हा फरक मुख्यतः बाहेर गेलेल्या माणसांचा. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. २०२१ ची लांबली आणि आता २०२७ मध्ये होते आहे. म्हणजे शाळा कुठे हवी याचा विचार करताना हाताशी असलेले आकडे ज्या पिढीचे आहेत, ती पिढी आता शाळेतून बाहेरही पडली.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. पण नियम अंतराचे आणि मान्यता पटाची, अशी दोन तोंडं झाली की वस्तीवरची शाळा मधल्या मध्ये सापडते. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची राज्यातली संख्या १४,७८३ सांगितली गेली. त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं होती. अशा जवळजवळच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना पुढे आली. पाठोपाठ १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष कडक केले आणि शिक्षक-पालकांत अस्वस्थता पसरली.

समूह शाळा सरसकट वाईट म्हणता येणार नाही. सहा मुलांच्या वर्गात खेळायला जोडीदारही मिळत नाही. पण बालाघाटातल्या वस्तीवरून सात वर्षांच्या मुलीला तीन-चार किलोमीटरवर पाठवायचं तर गाडी रोज आणि वेळेवर आली पाहिजे. गाडी चार दिवस आली नाही की पाचव्या दिवशी मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबते. त्यानंतर तिला पुन्हा शाळेत आणणं फार अवघड जातं.

भरून वाहणारं टोक

आता दुसरीकडे पाहू. बदलापूर २००१ मध्ये एक लाखाच्या आतलं गाव होतं, २०११ मध्ये ते जवळपास पावणेदोन लाखांवर गेलं. सकाळी लोकल पकडून मुंबईला जायचं आणि रात्री झोपायला परत यायचं, असं हे शहर. वसई-विरारची लोकसंख्या २०११ मध्ये १२ लाखांवर होती. तिथे २००९ मध्ये महापालिका झाली, तरी पुढे कितीतरी वर्षं सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. बांधकाम परवानगी एकाकडे आणि शाळा दुसऱ्याकडे. वाघोलीसह २३ गावं ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आली, तेव्हा तिथे टॉवर आधीच उभे होते.

शाळेसाठी जागा राखण्याची सोय आपल्याकडे नाही असं नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यात शाळा आणि खेळाचं मैदान यांची आरक्षणं पडतात. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पाच हजार लोकसंख्येला पाचशे मुलांची एक प्राथमिक शाळा आणि तिला ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जागा, असं माप दिलं आहे. गाडी अडते ती पुढे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत भूसंपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण रद्द होतं. पालिकेकडे पैसे नसतात आणि तारखा कुणी पाहत नाही. नकाशावरची शाळा गळून पडते.

ती पोकळी खासगी शाळा भरतात. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने त्यांचा रस्ता मोकळा केला. ज्याला फी परवडते त्याची सोय होते. सोसायटीचा वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, धुणीभांडी करणारी बाई यांच्या मुलांची होत नाही, आणि धाराशिवहून गेलेल्यांत अशी माणसं बरीच असतात.

आधी मोजता येतं

इथे थोडं गणित करू. समजा, पाचशे फ्लॅटांचा प्रकल्प आहे आणि दर चार घरांमागे सहा वर्षांच्या आतलं एक मूल आहे. ही झाली सव्वाशे मुलं, म्हणजे दरवर्षी पहिलीत वीस-एकवीस. असे दहा प्रकल्प एका रस्त्यावर आले तर दरवर्षी पहिलीच्या तीस-तीसच्या सात तुकड्या, आणि पाचवीपर्यंत पस्तीस खोल्या. निम्मी मुलं खासगीत गेली असं धरलं तरी सतरा-अठरा खोल्या लागतातच. बांधकामाला परवानगी देताना हा हिशेब कागदाच्या पाठीवर मांडता येतो. परवानगी आणि ताबा यांत तीन-चार वर्षं जातात, तेवढ्यात शाळा उभी राहू शकते.

इंग्लंडमध्ये स्थानिक प्राधिकरणांना शाळेत पुरेशा जागा ठेवण्याची कायद्याने जबाबदारी आहे. नव्या घरांतून किती मुलं येतील याचा अंदाज बांधतात आणि बिल्डरकडून त्यासाठी वाटा घेतात. तेही चुकतात. लंडनमध्ये दशकभरापूर्वी जागा कमी पडत होत्या, आता जन्मदर घटल्याने हॅकनी, कॅम्डेनसारख्या भागांत शाळा बंद कराव्या लागल्या. पण दर वर्षी अंदाज मांडला जातो, म्हणून चूक लवकर दिसते.

आपल्याकडे नुसती जन्मनोंद पाहून भागणार नाही. जन्म जिथे होतो तिथे नोंदतात, आणि पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. धाराशिव शहरातल्या दवाखान्यांत जन्मलेली किती तरी मुलं खेड्यांतली असतात. खरा आकडा अंगणवाडीत सापडतो. सेविकेच्या वहीत तिच्या हद्दीतलं शून्य ते सहा वयाचं प्रत्येक मूल असतं, कुटुंब कधी आलं, कधी गेलं हेही तिला ठाऊक असतं. ती वही महिला व बालविकास विभागाकडे जाते. शाळेचा पट शिक्षण विभागाकडे आणि बांधकाम परवानगी पालिकेकडे. तीन कागद एका टेबलावर आणणारं पद जिल्ह्यात नाही.

धाराशिवला अजून वेळ आहे

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतो आहे. तो सुरू झाला की तुळजापुरात किंवा धाराशिवात राहून सोलापूरला रोज नोकरीला जाणं सोपं होईल. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. एनए प्लॉटच्या पाट्या शहराबाहेर रस्तोरस्ती दिसतात. म्हणजे ज्या जिल्ह्यात वस्तीवरची शाळा रिकामी होते आहे, त्याच जिल्ह्यात तालुक्याच्या गावाभोवती उद्या जागा कमी पडणार आहे. बदलापूरला सावध व्हायला वेळ मिळाला नाही. इथे तो आहे.

या जिल्ह्याला आधी आखून मग वसवण्याचा अनुभवही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर त्यातलंच. या गावांच्या मांडणीत घरांबरोबर शाळेचीही जागा धरली होती. गावं फार पसरट झाली, शेजार तुटला, अशा तक्रारी पुढे झाल्या आणि त्या खऱ्याच होत्या. पण शाळेला जागा नाही म्हणून कुणी अडून बसलं नाही.

नवा कायदा लागणार नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर दोन कामं आधीच टाकली आहेत, हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं. धाराशिव आणि तुळजापूरच्या नगरपरिषदांनी दर जूनमध्ये अंगणवाडीची यादी, शाळांचा पट आणि वर्षभरातल्या बांधकाम परवानग्या शेजारी शेजारी मांडून जाहीर कराव्यात. शाळांच्या आरक्षणांना दहा वर्षं कधी पूर्ण होतात, त्या तारखाही खाली छापाव्यात. ऊसतोडीच्या गावांत पट सप्टेंबरबरोबर जानेवारीतही मोजावा, म्हणजे गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह कुठे हवं ते कळेल. मूल जन्मल्यापासून पहिलीत येईपर्यंत सहा वर्षं मिळतात. चार खोल्या बांधायला तेवढी लागत नाहीत.