ट्रेकचा जीपीएस ट्रॅक शेअर करताय? आधी तो असा साफ करा

ट्रेकवरून आलं की जीपीएक्स फाईल ग्रुपवर टाकायची, हे आता नेहमीचंच झालंय. पण तीच फाईल पुढच्या रविवारी कुणीतरी अनोळखी ट्रेकर धुक्यात उघडणार आहे, आणि स्क्रीनवरची रेषा जिकडे जाईल तिकडे पाय टाकणार आहे. सह्याद्रीत वाट आणि कडा यांत कधीकधी दहा मीटरचंही अंतर नसतं. म्हणून ट्रॅक शेअर करण्याआधी अर्धा तास खर्च करा.

फाईलमध्ये असतं काय?

जीपीएक्स ही साधी टेक्स्ट फाईल असते. त्यात एकामागोमाग एक पॉइंट असतात आणि प्रत्येक पॉइंटला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ असते. दर सेकंदाला एक पॉइंट नोंदवला तर सहा तासांच्या ट्रेकचे होतात २१,६०० पॉइंट. यातले काही चुकीचे असणारच. उघड्या पठारावर जीपीएस छान चालतं. पण कड्याखाली किंवा घळीत आकाशाचा तुकडाच दिसतो आणि सिग्नल कातळावर आपटून, लांबचा रस्ता घेऊन पोचतो. फोनला वाटतं आपण भलतीकडेच आहोत.

साफसफाईसाठी क्यूमॅपशॅक हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर जीपीएक्स स्टुडिओ ब्राउझरमध्येच उघडतं. आधी मूळ फाईलची कॉपी करून ठेवा आणि सगळं काम कॉपीवरच करा.

१. दोन्ही टोकं कापा. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं की परतीचा जीपचा प्रवासही ट्रॅकमध्ये येतो. वेगाचा ग्राफ बघा, कुठे कापायचं ते लगेच दिसतं. रेकॉर्डिंग घरापासून सुरू केलं असेल तर तो भाग नक्की काढा, नाहीतर तुमचं घर कुठे आहे हे सगळ्यांना कळेल.

२. उड्या काढा. चालणारा माणूस ताशी तीन-चार किलोमीटरने जातो. एका सेकंदात पॉइंट ८० मीटर सरकला असेल, तर तो वेग होतो ताशी २८८ किलोमीटर! असे पॉइंट बिनधास्त उडवा.

३. थांब्यांचे गुंते सोडवा. जेवायला बसलात तरी जीपीएस थोडं थोडं हलत राहतं. मिनिटाला तीन मीटर धरले तरी तासाभरात १८० मीटर फुकटचे वाढले. नकाशावर हा गुंता लोकरीच्या गुंडीसारखा दिसतो. त्यातला एखादाच पॉइंट ठेवा.

४. पॉइंट कमी करा, पण जपून. इथे डग्लस-प्यूकर ही पद्धत वापरतात. दोन पॉइंटमध्ये सरळ रेषा टाकायची आणि मधला कुठलाच पॉइंट तिच्यापासून ठरावीक अंतराच्या बाहेर नसेल, तर मधले सगळे काढून टाकायचे. हे अंतर आपण ठरवतो, आणि खरी गंमत इथेच आहे. घाटवाटेची नागमोडी वळणं बऱ्याचदा दहा-पंधरा मीटरचीच असतात. अंतर ३० मीटर ठेवलंत तर ती सगळी वळणं गायब होऊन रेषा सरळ कड्यावरून खाली जाते. फाईल हलकी होते, पण ट्रॅक धोकादायक होतो. तीन ते पाच मीटरच्या वर जाऊ नका. क्यूमॅपशॅकचा हा फिल्टर पॉइंट पुसत नाही, नुसते लपवतो, त्यामुळे निकाल बघून मागे फिरता येतं.

५. उंची तपासा. फोनची जीपीएस उंची आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकते, म्हणून एकूण चढाई फुगलेली दिसते. त्याऐवजी भूप्रदेशाच्या उंचीचा तयार डेटा वापरता येतो. २००० साली अमेरिकन स्पेस शटलवरून मोजलेला एसआरटीएम डेटा त्यासाठी मोफत मिळतो. पण त्यातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. पठारावर हे चालतं. कोकणकड्यासारख्या ठिकाणी मात्र काही मीटर इकडेतिकडे झालं की उंचीचा आकडा शेकडो मीटरने बदलू शकतो. तिथल्या आकड्यावर विसंबू नका.

अंदाजाने रेषा जोडू नका

घळीत सिग्नल गेला की सॉफ्टवेअर दोन टोकं सरळ रेषेने जोडतं. ती रेषा म्हणजे वाट नव्हे. तिथे ट्रॅकचे दोन तुकडे करा आणि मधली जागा रिकामी सोडा. सॅटेलाइट फोटो बघून पॉइंट हाताने सरकवायचा मोह होतो, पण फोटो स्वतःच काही मीटर सरकलेला असू शकतो आणि झाडीखालची वाट त्यात दिसतही नाही. त्यापेक्षा जातानाचा आणि येतानाचा ट्रॅक एकमेकांवर टाका. दोन्ही जुळले तर भरवसा वाढतो. नाही जुळले तर तिथे एक टीप टाका: ‘इथे ट्रॅक खात्रीचा नाही, वाट डोळ्यांनी शोधा.’

ही टीप सुबक रेषेपेक्षा जास्त कामाची असते. फाईलच्या नावात ट्रेकचा महिनाही लिहा, कारण मे महिन्यातली वाट जुलैमध्ये ओढ्याखाली गेलेली असू शकते.