मिडवेस्टमधील लहान गावे : जत्रा, जेवणावळी आणि मजुरी

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या राहतात, नाहीतर हॉलिवूड. या दोन टोकांच्या मध्ये जो विस्तीर्ण सपाट मुलूख आहे, त्याची चौकशी आपण फारशी करीत नाही. ओहायोपासून नेब्रास्का-कॅन्ससपर्यंतच्या बारा राज्यांना तिकडे मिडवेस्ट म्हणतात. मका, सोयाबीन, दूध आणि डुकराचे मांस पिकविणारा हा मुलूख. त्यातील पाच-दहा हजार वस्तीच्या गावांत माणसे करमणूक कशी करतात, एकत्र जेवतात कोठे, पाहुण्याला अभिमानाने काय दाखवितात, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय हलका वाटेल. पण मी जन्मभर कामगारांत वावरलेला माणूस; ताट दिसले की ते वाढले कोणी आणि त्याचे पैसे दिले कोणी, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही.

या गावांची आखणीच मुळी पट्टीने झालेली आहे. १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडले गेले; प्रत्येकाचे छत्तीस तुकडे झाले आणि सोळावा तुकडा शाळेसाठी राखून ठेवला गेला. पुढे आगगाडी आली. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य घालून दिवसाच्या दिवसात परत यावे, एवढ्या अंतरावर स्टेशने झाली, स्टेशनाशेजारी धान्याची उंच कोठारे झाली आणि समोर दुकानांचा एक रस्ता झाला. तोच तो मेन स्ट्रीट. सिंक्लेअर लुईस या लेखकाने १९२० साली याच नावाची कादंबरी लिहून लहान गावाच्या कोत्या मनाची रेवडी उडविली. त्याचे जन्मगाव मिनेसोटातील सॉक सेंटर. पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि गावाने राग सोडून आपल्या रस्त्याला ‘मूळचा मेन स्ट्रीट’ असे नाव देऊन टाकले! गावे शहाणी असतात, ती अशी.

करमणुकीचा मोठा सोहळा म्हणजे काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा. तिकडचा जिल्हा आपल्या जिल्ह्यापेक्षा पुष्कळ लहान. एकट्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत आणि उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येकीची जत्रा भरते. पाळणे असतात, ट्रॅक्टरने वजन ओढण्याच्या शर्यती असतात, जुन्या मोटारी एकमेकींवर आदळून मोडण्याचा एक अचाट खेळही असतो. परंतु जत्रेचा जीव जनावरांच्या गोठ्यात आहे. ‘फोर-एच’ नावाच्या मुलांच्या संघटनेतील दहा-बारा वर्षांची पोरे वर्षभर एखादे वासरू, डुक्कर किंवा मेंढी वाढवितात, त्याच्या खाद्याचा हिशेब वहीत लिहितात आणि जत्रेत परीक्षकांपुढे उभे करतात. शेवटी लिलाव होतो. गावातला दुकानदार किंवा बँकवाला बाजारभावापेक्षा मुद्दाम चढा भाव देतो. मुलाच्या शिक्षणाला तेवढीच मदत. सांभाळलेले जनावर लिलावात जाते तेव्हा पोरे ढसाढसा रडतात. शेतीचा धंदा काय असतो हे त्यांना त्या दिवशी कळते. बायका-पुरुष मुरंबे, पाय नावाची फळांची गोड भाजणी आणि गोधड्या स्पर्धेला मांडतात. राज्याची मोठी जत्रा वेगळी. आयोवाची अशी पहिली जत्रा १८५४ मध्ये फेअरफील्ड या गावी भरली. आता ती डे मॉइन या राजधानीच्या शहरी भरते आणि तेथे १९११ पासून लोण्याची गाय घडवून ठेवतात.

या गावांना व्याख्यानांचेही वेड होते, हे आपणांस ऐकून बरे वाटेल. आपल्या पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात शटाक्वा सरोवराकाठी उन्हाळी व्याख्यानांचा उपक्रम सुरू झाला. १९०४ पासून त्याच धर्तीवर तंबू घेऊन वक्ते, गवई, वाजंत्री आगगाडीने मिडवेस्टमधील गावोगाव फिरू लागले. मग रेडिओ, बोलपट आणि मोटारी आल्या, आणि १९३० नंतर तंबू गुंडाळले गेले.

आता जेवणाकडे वळू. विस्कॉन्सिन राज्यात शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या साध्या दारूगुत्त्यापासून चर्चच्या तळघरापर्यंत सर्वत्र तळलेल्या मासळीचा बेत असतो. पिठात बुडवून तळलेला मासा, कोबीची आंबट कोशिंबीर, राय धान्याचा पाव आणि बटाट्याची धिरडी. हे आले कोठून? जर्मन आणि पोलिश कॅथलिक कामगार शुक्रवारी मांस वर्ज्य मानीत. सरोवरातील पर्च मासा स्वस्त होता. आणि १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात गुत्तेवाल्यांना गिऱ्हाईक टिकविण्यासाठी काहीतरी हवे होते. धर्म, स्वस्ताई आणि धंद्याची निकड अशा तिन्ही गोष्टी एका कढईत पडल्या. दारूबंदी गेली, उपासही सैल झाला, बेत मात्र राहिला. आठवड्याची कामे आटोपून घरातली म्हातारी-पोरे एका मेजाशी बसतात, शेजारच्या मेजावर कोण आले आहे ते पाहतात. मासा हे निमित्त.

त्याच राज्यातील डोअर काउंटी या द्वीपकल्पावर मासे उकडतात. उघड्यावर लाकडांचा जाळ, त्यावर मोठे पातेले, त्यात बटाटे, कांदे, मीठ आणि शेवटी व्हाइटफिश. माशाचे तेल व फेस वर तरंगू लागला की आचारी जाळावर रॉकेल फेकतो. भडका उडतो, पातेले उतू जाते, वरचे तेल सांडून निघून जाते आणि सांडलेल्या पाण्याने जाळही बसतो. पाहुण्यांना तो तमाशा वाटतो, पण युक्ती अनेकांच्या एकदम जेवणाची सोय पाहणाऱ्यांची आहे. मिनेसोटाकडे नॉर्वेजियन वंशाचे लोक सुकविलेला मासा क्षारात भिजवून लिबलिबीत करतात व चर्चमध्ये पंगत घालतात. त्याच्या वासाची थट्टा ते स्वतःच करतात आणि दरवर्षी रांगही लावतात.

या बहुतेक जेवणावळींमागे पगारी माणूस नसतो. लहान गावांतील आगीचे बंब बहुधा स्वयंसेवक चालवितात, आणि बंबाच्या नळ्या व शिरस्त्राणे घ्यावयाला पैसा हवा म्हणून तेच लोक रविवारी सकाळी गावाला धिरडी खाऊ घालतात. पण स्वयंसेवक होण्याला मोकळा वेळ लागतो. ज्याची पाळी केव्हा लागेल याचा नेम नाही आणि ज्याला दोन नोकऱ्या केल्यावाचून घरभाडे देता येत नाही, तो कढईपाशी उभा राहणार कसा? आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी झगडून मिळविली, ती १८९० साली. ज्या मुलखाच्या जत्रा मी वर्णन करतो आहे, त्याच मुलखातल्या शिकागोत १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले. सुटीचा दिवस पंचांगात आपोआप उगवत नाही.

आता प्रेक्षणीय स्थळे. आयोवातील पेला हे डच लोकांनी १८४७ साली वसविलेले गाव. तेथे १९३५ पासून मे महिन्यात ट्यूलिप फुलांचा उत्सव होतो. पहिल्या वर्षी फुले पुरेशी नव्हती म्हणून लाकडी ट्यूलिप करून उभे केले होते. लोक लाकडी जोडे घालून रस्ता धुतात. गावात खिडक्यांचा मोठा कारखाना आहे, म्हणून तेथे उत्सव हा संसाराचा आधार नसून वरचा साज आहे. विस्कॉन्सिनमधील न्यू ग्लॅरसचे तसे नाही. हे १८४५ चे स्विस गाव. तेथील दूध आटविण्याचा कारखाना १९६२ मध्ये बंद पडला आणि त्यानंतर गावाने दुकानांना स्विस धाटणीचे लाकडी सज्जे लावून प्रवाशांवर पोट भरावयाचे ठरविले. आज लोक त्या सज्जांची छायाचित्रे घेतात.

कोहलर येथे तर कामगारांचे वसतिगृहच प्रेक्षणीय झाले. स्नानगृहाची भांडी करणाऱ्या कोहलर कंपनीने परदेशांतून आलेल्या एकट्या कामगारांसाठी १९१८ साली ‘अमेरिकन क्लब’ ही इमारत बांधली. १९३४ च्या संपात तेथे गोळीबारात दोन माणसे मेली. १९५४ मध्ये सुरू झालेला दुसरा संप सहा वर्षे चालला आणि त्याची देणी १९६५ साली चुकती झाली. १९८१ पासून ती इमारत श्रीमंतांचे हॉटेल आहे. त्यातल्या एका भोजनगृहाला ‘इमिग्रंट’, म्हणजे परदेशातून वस्तीला आलेला, असे नाव देण्यात आले. ज्याच्या नावाने ते उघडले, त्याला तेथला दर परवडला नसता.

मिनेसोटातील ऑस्टिनविषयी थोडे अधिक सांगतो. तेथे हॉर्मेल कंपनी १८९१ पासून डुकराच्या मांसाचा धंदा करते. १९३७ मध्ये तिने ‘स्पॅम’ हे डबाबंद मांस काढले. या डब्याचे एक संग्रहालय मेन स्ट्रीटवर आहे, २०१६ साली आताच्या जागी आलेले आणि विनामूल्य. याच कारखान्यात नोव्हेंबर १९३३ मध्ये कामगारांनी आत ठाण मांडून तीन दिवस संप केला. राज्यपाल ओल्सन स्वतः मध्यस्थीला आले आणि तडजोड झाली. पुढची कित्येक वर्षे तेथली नोकरी म्हणजे घर, मोटार आणि मुलांचे शिक्षण. मग १९८४ मध्ये तासाची मजुरी १० डॉलर ६९ सेंटवरून ८ डॉलर २५ सेंटवर आणली गेली. ऑगस्ट १९८५ मध्ये सुमारे दीड हजार कामगार बाहेर पडले. त्यांच्याच वरिष्ठ संघटनेने त्यांना साथ दिली नाही. जानेवारी १९८६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी सैनिक धाडले. संप फसला. एकाच घरातले दोन भाऊ, एक आत आणि एक बाहेर, असे झाले. अशा गावात पुढच्या उन्हाळ्यात जत्रेच्या मेजाशी कोण कोणाशेजारी बसले असेल, याचा विचार करा. संपकऱ्यांनी आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर एक मोठे चित्र काढून ते नेल्सन मंडेलांना अर्पण केले होते. वरिष्ठ संघटनेने त्याच वर्षी वाळूचा फवारा मारून ते पुसविले. कारखानदाराने पुसले असते तर मला इतके लागले नसते.

आज ऑस्टिनच्या मांस कारखान्यांत मेक्सिको, सुदान, म्यानमार येथून आलेली माणसे राबतात, आणि गावात मेक्सिकन खाण्याची दुकाने निघाली आहेत. तळलेली मासळीही एके काळी अशीच परक्या माणसाची होती.

आपणांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे शिकागो-मिनियापोलिसकडे नोकरीला आहेत. तिकडे जाणे झाले तर नुसत्या शहरातून फिरून येऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये एखादी काउंटीची जत्रा गाठा आणि सकाळीच गोठ्याकडे जा. मिनियापोलिसहून ऑस्टिन दक्षिणेला मोटारीने दोन तासांच्या आत आहे. विस्कॉन्सिनमध्ये असाल तर शुक्रवारी संध्याकाळी लवकर जेवायला निघा, कारण रांग असते. मासे खात नसाल तर बटाट्याची धिरडी मागा; सोबत सफरचंदाचा गोड गर देतात. आणि वाढणाऱ्याला विचारा की, तुम्ही दिवसा काय काम करता?