आजीच्या कॉटपाशी अडकवलेली बाटली

काल हॉस्पिटलमध्ये मुक्तानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आजोबा, त्या सिस्टरचे हात तर स्वच्छ दिसत होते. मग आजीला हात लावायच्या आधी त्यांनी ते औषध का चोळलं? आणि शेजारच्या काकूंकडे जाताना परत?" वॉर्डात बोलता येईना. आता बस इथे. चिनू, तूही ये, वही-पेन्सिल घेऊन ये.

आपल्या कातडीवर दोन तऱ्हेचे जंतू असतात. एक कायमचे रहिवासी. कातडीच्या बारीक घड्यांत, केसांच्या मुळाशी त्यांचं बिऱ्हाड. ते सहसा त्रास देत नाहीत, उलट परक्यांना पाय रोवू देत नाहीत. दुसरे वाटसरू. कुणाची जखम पुसली, कॉटचा कठडा धरला, सलाइनचा स्टँड सरकवला, की हे बोटांच्या टोकांवर येऊन बसतात. त्यांची मुळं रुजलेली नसतात, म्हणून धुतले की जातात. आणि म्हणूनच पुढच्या माणसाच्या अंगावर चटकन उतरतातही. जागा मनाजोगती मिळाली तर यातले काही वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. चिनू, मांड हिशोब. सिस्टरची पाळी आठ तासांची, म्हणजे चोवीस वेळा दुप्पट. किती आले? १ कोटी ६७ लाखांच्या वर! एका जंतूपासून. आणि डोळ्यांना हात आपला स्वच्छच.

हे माणसाला कळायला फार बळी द्यावे लागले, बाळांनो. व्हिएन्ना शहरात एक मोठं सरकारी रुग्णालय होतं. तिथे १८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा अठ्ठावीस वर्षांचा हंगेरियन डॉक्टर कामाला लागला. बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातल्या अकरांहून जास्त बायका सूतिकाज्वरानं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापानं गेल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. शहरभर ही गोष्ट ठाऊक होती. बायका हात जोडून विनवायच्या, आम्हाला पहिल्या विभागात नेऊ नका. काहींचं बाळंतपण वाटेतच, रस्त्यावर व्हायचं, आणि नवल म्हणजे त्याही पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा सुखरूप राहायच्या.

सेमेलवाइसला झोप लागेना. मरणाऱ्या बाईजवळ जाताना पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जायचा. त्या भीतीनं बायका खचत असतील म्हणून त्यानं घंटा बंद करवली. काही फरक नाही. बाळंतपणाच्या वेळी बाईला कुशीवर निजवून पाहिलं. तरी नाही. मग १८४७च्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेचका गेला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात दिसल्या त्याच खुणा, ज्या बाळंतिणींच्या शरीरात दिसत.

तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं चिरत आणि तिथून उठून बाळंतिणी तपासायला येत. सुईणी शवागाराकडे जात नसत. हात साबणानं धुतले तरी प्रेताचा वास उरायचा, आणि तो वास जाईल असं काहीतरी त्याला हवं होतं. त्यानं दाराशी ब्लीचिंग पावडरचं पाणी ठेवलं आणि सगळ्यांना त्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एकही नाही.

तुमच्याएवढा असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंद झाला होता. आता वाचताना त्या डॉक्टरांचा विचार मनात येतो. जीव वाचवायला आलेले ते, आणि आपल्याच हातांनी मरण पोचवलं हे त्यांना मानवेना. सेमेलवाइसची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात तो गेला. सूतिकाज्वराचे माळेसारखे दिसणारे जंतू पाश्चरनं दाखवले १८७९मध्ये.

मग पुढे तरी सगळे हात धुऊ लागले असतील? नाही ना! जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते या डॉक्टरांनी १९९४ साली मोजून पाहिलं. हात स्वच्छ करायलाच हवेत अशा शंभर वेळांपैकी अठ्ठेचाळीस वेळाच ते केले जात होते. सिस्टर आळशी नव्हत्या. बेसिन वॉर्डाच्या टोकाला, प्रत्येक धुण्याला मिनिटभर, आणि अशी वेळ तासात वीसवीसदा येणार. मग रुग्ण कधी पाहायचे? पितेंनी बेसिनच कॉटपाशी आणलं म्हणा ना: अल्कोहोलची बाटली पलंगाला अडकवली, खिशात दिली. वीस-तीस सेकंदांत काम. १९९७पर्यंत अठ्ठेचाळीसचे सहासष्ट झाले, आणि रुग्णालयातच संसर्ग झालेल्यांचं प्रमाण शंभरात सतरावरून दहावर आलं. नुसतं रागावून हे झालं नसतं.

गंमत म्हणजे शुद्ध अल्कोहोल इतकं चांगलं चालत नाही. त्यात थोडं पाणी लागतं, तरच जंतूंची प्रथिनं नीट मोडतात. मात्र जुलाबाचे काही जंतू जाड कवचात दडून बसतात, त्यांना अल्कोहोल शिवत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

उद्या आजीकडे जाल तेव्हा कॉटला हात लावायच्या आधी ती बाटली दाबा. अंगठा आणि बोटांची टोकं चोळा, नेमकी तीच राहतात. आणि आजी भिडस्त आहे, ती कुणाला विचारायची नाही. कोणी तिची पट्टी बदलायला आलं, तर तिच्या वतीनं तुम्ही नम्रपणे विचारा, "सिस्टर, हात चोळलेत ना?"