विमानभयाची कैफियत

खराडीत राहणाऱ्या माणसाला विमानाची अपूर्वाई उरलेली नाही. वाघोलीच्या बाजूने चाके खाली सोडून लोहगावच्या धावपट्टीकडे निघालेली विमाने आमच्या उत्तरेकडच्या गच्चीतून इतकी स्पष्ट दिसतात, की कोणाचे विमान उशिरा आले याची वार्ता प्रवाशांच्या सोयऱ्याधायऱ्यांआधी आम्हांस लागते. आणि मधूनच हवाई दलाचे सुखोई गर्जत निघाले, म्हणजे घरातले संभाषण अर्ध्यावर तहकूब करण्यावाचून गत्यंतर नसते. असे असूनही, ज्या विमानांची ये-जा आम्ही रोज पाहतो त्यांतल्या एकात स्वतः बसण्याचा प्रसंग आला की इथल्या भल्याभल्यांचे पाय गळतात, याचा प्रत्यय मला दिवाळीच्या सुटीपूर्वी आला.

आमच्या सोसायटीतील नाना हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सेल्युलर तुरुंग एकदा डोळ्यांनी पाहावा ही त्यांची जुनी इच्छा ओळखून मुलाने अंदमानची तिकिटे काढली, आणि त्याच रात्रीपासून नानांची झोप उडाली. कोणतीही तक्रार तोंडी न सांगता कलमवार लिहून काढण्याची त्यांची जन्माची खोड, तेव्हा एका संध्याकाळी फुलस्केप कागदावर आपली कैफियत मांडून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवलंत ना? मग ह्या कलमांची उत्तरं द्या. नाही तर मी आपला रेल्वेनं चेन्नईला जातो आणि तिथनं बोटीनं." बोटीला अडीच-तीन दिवस लागतात, याची मी आठवण दिली. "लागू देत," नाना म्हणाले, "बोट बुडायला वेळ तरी लागतो."

नानांचे पहिले कलम 'एअर पॉकेट'चे होते. आकाशात जागोजाग हवेचे खड्डे असतात आणि त्यात विमान सापडले की ते दगडासारखे खाली येते, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की ती खोटी आहे असे सांगणाऱ्याचीच लोक कीव करतात. वस्तुतः वातावरणात पोकळी कोठेच नसते. असतात ते वर चढणारे आणि खाली उतरणारे हवेचे प्रवाह. एका प्रवाहातून दुसऱ्यात शिरताना विमानाला हिसका बसतो, जसा डांबरी रस्ता संपून मुरमाचा लागला की एसटीला बसतो. वैशाखातल्या दुपारी दख्खनची जमीन तापून हवेचे लोट वर उठू लागतात तेव्हा हे हिसके वाढतात, पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग दाटले की आणखी वाढतात, आणि पहाटे, जमीन थंड असताना, ते सर्वांत कमी असतात. पोटात गोळा येतो म्हणून आपण शेकडो फूट कोसळलो असे वाटते खरे, परंतु नेहमीच्या हिसक्यांत उंचीचा फरक बहुधा थोड्याच फुटांचा पडतो.

"पण पंख हलताना दिसतात हो!" नाना म्हणाले. हलतातच, आणि हलावेत म्हणूनच ते तसे घडवलेले असतात; जो पंख लवणार नाही तो मोडेल. विमानाला हयातीत जास्तीत जास्त जो भार सोसावा लागेल असा हिशेब असतो, त्याच्या दीडपट भार पंखावर टाकून तो टिकतो हे दाखविल्याखेरीज नव्या जातीच्या विमानाला परवाना मिळत नाही. 2010 साली बोइंग 787 ची ही परीक्षा झाली तेव्हा त्याचे पंख सुमारे 25 फूट, म्हणजे दोन मजल्यांहून अधिक, वर वाकविण्यात आले आणि ते शाबूत राहिले. विमान हिसक्यांनी सहसा मोडत नाही; मोडतात ती पट्टा न लावलेली माणसे. मे 2024 मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला म्यानमारच्या आकाशात प्रचंड हिसका बसला, त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले, परंतु विमान मात्र बँकॉकला धडपणे उतरले. तेव्हा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडू नये, एवढा एकच बंदोबस्त या कलमावर पुरेसा आहे.

दुसरे कलम इंजिन बंद पडण्याचे. इंजिन म्हणजे विमानाला हवेत धरून ठेवणारा हात अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात विमान तोलले जाते ते पंखांवर, आणि इंजिनाचे काम त्याला पुढे रेटण्याचे. दोनांपैकी एक इंजिन ऐन उड्डाणाच्या क्षणी निकामी झाले तरी दुसऱ्याच्या बळावर वर चढता आले पाहिजे, ही अट प्रत्येक प्रवासी विमानाला पाळावी लागते. दोन्ही बंद पडली तर? तरीही ते घारीसारखे तरंगत उतरते, आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असेल तर दीडशे किलोमीटरांच्या आसपास जाऊ शकते. 24 ऑगस्ट 2001 रोजी अटलांटिकवर एका विमानातले इंधन गळून दोन्ही इंजिने थंडावली. वैमानिकांनी ते सुमारे 19 मिनिटे तसेच तरंगत नेऊन अझोर बेटांवर उतरविले आणि आतली 306 च्या 306 माणसे वाचली. त्याच्याही आधी, 1983 साली कॅनडात, किलो आणि पौंड यांची गल्लत होऊन निम्मेच इंधन भरलेले एक विमान वाटेत कोरडे पडले, तेही असेच उतरले. हिशेबातली चूक म्हटल्यावर नानांमधला जुना कारकून जागा झाला. "ह्या चुकीबद्दल कुणाला निलंबित केलं की नाही?" हा त्यांचा प्रश्न होता, इंजिनाचे भय त्या चौकशीत कुठल्या कुठे गेले.

तिसऱ्या कलमाशी मात्र मला थांबावे लागले, कारण तिथे नानांनी फक्त 'अहमदाबाद' एवढा एकच शब्द लिहिला होता. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उडताच कोसळले; आतल्या 242 जणांपैकी एकच वाचला आणि जमिनीवरचे धरून 260 माणसे गेली. त्यानंतर कित्येक दिवस, लोहगावहून विमान उठले की आमच्या गच्चीत कोणी बोलत नसे. अशा घटनेवर आकडे फेकणे हे असंस्कृतपणाचे आहे असे मला वाटते, पण आकडे न सांगणे ही नानांशी बेइमानी झाली असती. एमआयटीचे आर्नल्ड बार्नेट हे वर्षानुवर्षे या विषयाचा हिशेब ठेवीत आले आहेत. त्यांच्या गणिताप्रमाणे 1968 ते 1977 या काळात जगभरात साडेतीन लाख वेळा प्रवासी विमानात चढले तर त्यांमागे एक मृत्यू होई. 2018 ते 2022 या काळात हेच प्रमाण 1 कोटी 37 लाखांमागे एक इतके खाली आले. आणि आपल्या देशात केवळ 2022 या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसे मेली, म्हणजे दररोज साडेचारशेंहून अधिक. त्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर येत नाहीत, कारण ती एकेक दोनदोन करून, चाकणच्या वळणावर किंवा नगर रस्त्याच्या दुभाजकाशी मरतात.

विमानापेक्षा रस्ता सुरक्षित, या भ्रमाची किंमत किती जबर असते हे अमेरिकेत दिसले. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर विमानाला भिऊन लोक मोटारीने लांबचे प्रवास करू लागले, आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यापायी रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे बळी गेले. भय खरे होते. त्याने दाखविलेली वाट मात्र अधिक धोक्याची निघाली. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी रोज दूध आणायला बायपास ओलांडतो, ते जास्त धोक्याचं?" मी होकार दिला.

पुढची कलमे गच्चीतल्या निरीक्षणातून उपजलेली होती. सुखोई आडवे होऊन वळताना पाहिलेल्या माणसाला प्रवासी विमानही कधी तरी तसेच उलटेल असे वाटते. पण प्रवासी विमान वळताना सामान्यतः पंचवीस-तीस अंशांपलीकडे कलत नाही, आणि आत बसलेल्याला क्षितिज तिरपे दिसते म्हणून तो कल दुप्पट भासतो एवढेच. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेले, की आमच्या गच्चीत कुजबुज सुरू होते. वस्तुतः धावपट्टी मोकळी नसेल, वारा फिरला असेल किंवा आधीचे विमान रेंगाळले असेल तर एक फेरी मारून यावे, हा वैमानिकांचा शिरस्ता आहे, आणि जो वैमानिक तो पाळतो त्याच्यावर इतबार ठेवावा. लोहगावची धावपट्टी हवाई दल आणि प्रवासी विमाने दोघेही वापरतात. फेब्रुवारी 2020 मध्ये इथूनच दिल्लीला निघालेल्या विमानापुढे धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला, तेव्हा वैमानिकाने ठरल्या वेगाआधीच विमान उचलले. शेपटीचा भाग घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप पोचले. असली घटना घडायलाच नको होती, हे मान्य. परंतु इतके चुकूनही माणसे घरी गेली, हेही त्याच दप्तरात नोंदलेले आहे.

दाराचे कलम लवकर निकालात निघाले. उंचावर असताना आतल्या हवेचा दाब दारावर चौरस मीटरला पाच टनांहून अधिक असतो; ते कोणा पिसाळलेल्या प्रवाशाच्या हाताने उघडणे शक्य नाही. 2023 मध्ये दक्षिण कोरियात एकाने दार उघडले ते विमान जमिनीपासून जेमतेम दोनशे मीटरांवर, उतरण्याच्या बेतात असताना. आणि ते उघड्या दारानिशी नीट उतरले. वीज तर प्रत्येक विमानावर सरासरी वर्षातून एकदा पडते आणि धातूच्या कवचावरून निघून जाते.

आवाजांविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मी स्वतः पहिल्या प्रवासात ज्याने अर्धमेला झालो तो एक आवाजच होता, किंबहुना आवाजाचा अभाव. उड्डाणानंतर मिनिटाभरात इंजिनांचा घोष एकाएकी उतरतो, फरशीचा चढ कमी होतो आणि आपण खाली चाललो अशी खात्री पटते. होते एवढेच, की पूर्ण जोर लावण्याची गरज संपल्यामुळे वैमानिक तो कमी करतो. विमान चढतच असते, पण चढण्याची त्वरा घटली की कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय त्याचा अर्थ 'घसरण' असा लावते. डोळ्यांना बाहेरचे दिसत नसल्यामुळे या खोट्या साक्षीची रुजवात घ्यायला दुसरा साक्षीदारच नसतो. चाके आत ओढली जाताना पायांखाली धाडकन आवाज होतो, तोही असाच निरुपद्रवी. आणि आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एअरबस 320 मध्ये, विमान अजून जमिनीवर असताना, फरशीखाली कोणी करवत चालवावी किंवा कुत्रे भुंकावे असा जो आवाज येतो, तो एका बाजूच्या द्रवदाबाचा जोर दुसऱ्या बाजूला पोचविणाऱ्या यंत्राचा असतो. नानांनी हे सारे कागदाच्या मागच्या बाजूस टिपून घेतले.

शेवटचे कलम त्यांनी आवाज खाली आणून विचारले. दोन पेग किंवा झोपेची गोळी घेतली तर? दारूने उंचीवरच्या कोरड्या हवेत घसा आणखी सुकतो, छातीची धडधड वाढते, आणि धडधडीलाच आपण भय समजतो. गोळीचा मामला अधिक फसवा आहे. 1997 मध्ये स्टॅनफर्डच्या दोघा संशोधकांनी विमानाला भिणाऱ्या स्त्रियांवर प्रयोग केला: काहींना अल्प्राझोलाम, काहींना नुसती खोटी गोळी देऊन त्यांना विमानात बसविले, आणि आठवड्याने सर्वांना बिनगोळीचे पुन्हा नेले. खरी गोळी घेतलेल्यांना पहिल्या वेळी बरे वाटले, पण दुसऱ्या वेळी त्यांना खोट्या गोळीवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक घबराट झाली. भय ओसरायला ते पूर्ण जागेपणी अनुभवून संपू द्यावे लागते. गोळी ती संधीच हिरावून घेते. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली तर गोष्ट निराळी, शेजाऱ्याच्या कपाटातली मात्र कदापि नको. आणि भिणे म्हणजे भ्याडपणा, हीही समजूत सोडावी. आकाशगंगांची साम्राज्ये कल्पिणारा आयझॅक असिमोव्ह आयुष्यात दोनदा विमानात बसला, तेवढाच; पुन्हा म्हणून बसला नाही.

मग करायचे काय? भय इतके असेल की सहलीचे नावही नको वाटते, तर महिना-दोन महिने आधी मानसशास्त्रज्ञाकडे जावे; थोडे थोडे सामोरे जात भय उतरविण्याची पद्धत त्यांच्याकडे आहे आणि ती गुण देते. नानांसारख्या मध्यम दर्जाच्या रुग्णाने पहाटेचे विमान घ्यावे, पंखाजवळची जागा मागावी, सकाळचा चहा निम्मा करावा, चढताना हवाई सेविकेला 'मला भीती वाटते' असे सरळ सांगून टाकावे, आणि खुर्चीचे हात घट्ट न धरता हळूहळू, आत घेण्यापेक्षा अधिक वेळ लावून, श्वास बाहेर सोडीत राहावे.

नाना पहाटे साडेतीनला टॅक्सीत बसले, तेव्हा मी खाली गेलो होतो. कागद खिशात होता, विमानातला पट्टा उतरेपर्यंत सोडायचा नाही हे कलम तोंडपाठ होते, आणि टॅक्सीच्या मागच्या आसनाचा पट्टा मात्र गादीच्या आवरणाखाली दडपलेला होता. मी तो ओढून बाहेर काढायला लावला. खराडीपासून लोहगाव सहा-सात किलोमीटर आहे, वाटेत नगर रस्ता आहे, आणि मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे आहे. सुटीला निघताना तेवढे करा.